कोटाच्या खिशातली भाकर

मास्तरांनी भाकरीचा तुकडा ओठांपर्यंत नेला, डोळे मिटले, आणि मग तो हात तसाच खाली आणून कोटाच्या खिशात घातला.

मी पेटी वाजवत होते. प्रभुभोजनाच्या वेळी आमच्या कोळवडीच्या चर्चमध्ये सगळी मंडळी माना खाली घालून बसायची, पण पेटीवालीला मान खाली घालून चालत नाही. शिवाय पेटी पाळकसाहेबांच्या मेजाच्या बाजूला ठेवलेली, त्यामुळे पंचांची रांग मला अगदी जवळून दिसायची. माझी बोटं चुकली. एक सूर भलतीकडे गेला, तशी मास्तरांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. कुंपणात अडकलेलं जनावर माणसाकडे पाहतं, तसं.

घरी आल्यावर मी आईला सांगितलं. आई प्रभुभोजनाची ताटं पुशीत होती. भाकर करण्याचा मान तिचाच होता. गव्हाच्या पिठाची बिनआंबवलेली भाकर, आणि काळ्या मनुका रात्री भिजत घालून त्यांचा रस.

"आई, भिंगारदिवे मास्तरांनी भाकर खाल्ली नाही. खिशात घातली."

"तू पेटी वाजवायला बसतेस का पंचांची तोंडं बघायला?"

"खरंच घातली."

आईचा हात ताटावर थांबला. "कोणापाशी बोललीस?"

"नाही."

"मग बोलूही नको. त्या माणसाच्या प्रार्थनेवर ही मंडळी उभी आहे."

त्यात खोटं काही नव्हतं. सखाराम भिंगारदिवे मास्तर आमच्या मिशन शाळेचे हेडमास्तर आणि मंडळीचे थोरले पंच. मी त्यांचीच विद्यार्थिनी, ट्रेनिंग करून आले आणि त्यांच्याच शाळेत पहिलीचा वर्ग घेऊ लागले. दर तीन महिन्यांनी प्रभुभोजन असे आणि त्याच्या आदल्या शनिवारी दुपारी तयारीची सभा भरे. प्रत्येकाने आपलं मन तपासायचं, कोणाशी वाकडं असेल तर तिथेच उठून सांगायचं, हात मिळवायचा, मगच दुसऱ्या दिवशी भाकरीला हात लावायचा. लोक उठत. कोणाच्या शेळीने कोणाचा कडबा खाल्ला, कोणती जाऊ कोणत्या जावेला काय म्हणाली, असं सगळं निघे. शेवटी मास्तर उभे राहून सर्वांच्या वतीने पापकबुलीची प्रार्थना करीत. "हे दयाळू पित्या, आमची अंतःकरणं काजळी धरलेल्या कंदिलासारखी झाली आहेत," असं त्यांनी सुरू केलं की बायका पदर डोळ्यांना लावत. लहानपणी मला वाटायचं, देवाला मराठी मास्तरांनीच शिकवलं असणार.

या सभेला दाराजवळच्या शेवटच्या तरटावर एक बाई बसायची. तिचं नाव तान्हाबाई आढाव. एके काळी ती आमची बायबलबाई होती. गावोगाव पायी हिंडून बायकांना वाचून दाखवायची, बाळंतपणं करायची, माझ्या आईलाही तिनेच अक्षर शिकवलं. मी लहान असताना गावात देवीची साथ आली. त्या साथीत नदीकाठच्या मरीआईच्या वाटेवर तान्हाबाई हातात नारळ आणि ओटीचं कापड घेऊन सापडली. नारळाला हळदकुंकू लागलेलं. पंच बसले. तिने तोंड उघडलं नाही. मूर्तिपूजेसाठी तिला प्रभुभोजनातून बंद केलं, काम गेलं, मिशनची खोली गेली. तेव्हापासून ती लोकांचं दळण दळून पोट भरायची आणि भाकरीचं ताट जवळ आलं की मान खाली घालायची. ताट तिला ओलांडून दाराशी जाई आणि परत येई.

मी तिला तान्हामावशी म्हणायचे. आई तिला रोज काहीतरी धाडायची, पण स्वतः कधी जात नसे. मला त्याचं कारण ठाऊक नव्हतं.

त्या वर्षी उन्हाळा लागला आणि मावशी अंथरुणाला खिळली. पोटात पाणी झालेलं, पाय केळीच्या खुंटासारखे सुजलेले. शाळा सकाळची होती, म्हणून दुपारची मी तिच्याजवळ बसायचे. एप्रिलचं प्रभुभोजन तोंडावर आलं होतं. नवे पाळक शेलारसाहेब तिला भेटायला आले. तरुण होते, भले होते. माझ्यासमोरच बोलणं झालं.

"तान्हाबाई, काही इच्छा आहे का?"

"भाकर पाहिजे, साहेब. मरायच्या आधी एकदा."

साहेबांनी घाम पुसला. "पंचांनी बंद केलंय, मी एकटा उघडू शकत नाही. पण सोपं आहे. उद्याच्या सभेत तुमच्या वतीने मी सांगतो, की त्या वेळी चुकले, पस्तावा झाला. एवढंच. परवा भाकर घेऊन मीच येतो."

"मी चुकलेच न्हाई तर?"

"बाई, आता कशाला ताणता? एक शब्द तर आहे."

"तोच तर शब्द हाय," मावशी म्हणाली. "भाकरीसाठी देवाशीच खोटं बोलू? मग ती भाकर माझ्या पोटात करील काय?"

साहेब प्रार्थना करून गेले. मी रागावले. "मावशी, म्हणून टाकायचं होतं. कोण बघायला येतंय?"

"ज्याची भाकर हाय त्यो बघतोय की." ती हसली, मग धाप लागली. "आणि मला कोणी संत समजू नका. मी रोज एका माणसाला मनात शिव्या घालते. दळताना तर जास्तच. त्या पापाचा पस्तावा सांग म्हण, लगेच सांगते."

"कोणाला?"

ती भिंतीकडे वळली. मला काय वाटलं कोण जाणे, मी खिशातल्या भाकरीची गोष्ट तिला सांगून टाकली. आईने बजावलं होतं तरी.

मावशी पुन्हा माझ्याकडे वळली. "म्हंजे त्यो खातच न्हाई व्हय," ती म्हणाली. आवाज बदललेला होता. "इतकी वर्सं मी म्हणायची, मास्तर लई गोड रडतो, पण पापाचं नाव घेत न्हाई. पत्ता नसलेलं पत्र टाकल्यासारखी त्याची प्रार्थना. मला वाटायचं, हा सुखानं खातो आणि मी उपाशी. तर हाही उपाशीच." मग माझा हात धरून म्हणाली, "मालन, त्याला एवढंच सांग. तान्हाबाईनं भाकर मागितली. दुसरं काही बोलू नको."

मी त्याच संध्याकाळी मास्तरांच्या घरी गेले. दार लोटलेलं होतं. आत सुमंत तापात होता. मास्तरांचा एकुलता एक मुलगा, नगरच्या बोर्डिंगमध्ये मॅट्रिकला. विषमज्वर घेऊनच घरी आला होता. मास्तरीणबाई पूर्वीच वारल्या होत्या, त्यामुळे मास्तर स्वतःच त्याच्या कपाळावर घड्या ठेवत होते. सुमंतच्या चेहऱ्यावर लहानपणीच्या देवीचे व्रण होते. तापाने चेहरा लाल झाला की ते पांढरे उठून दिसत.

मी निरोप सांगितला. मास्तरांनी घडी पिळली, पुन्हा ठेवली. "बरं," म्हणाले. बस. मी उंबऱ्याबाहेर पडले तेव्हा ते पाठीमागून म्हणाले, "मनाशी काही ठरवावं म्हटलं की हा आजारी पडतो. असं दर वेळी होतं." मला त्याचा अर्थ लागला नाही, पण घरी येईपर्यंत अंगावर काटा होता.

दुसऱ्या दिवशी शनिवार, तयारीच्या सभेचा. मावशीसाठी शेळीचं दूध आणायला मी भरदुपारी नदीपलीकडच्या मळ्यात गेले होते. नदी आटलेली. वाळू पायाला भाजत होती. रस्त्यावर चिटपाखरू नाही. परत येताना मरीआईच्या कडुनिंबाखाली मला काळा कोट दिसला. त्या उन्हात कोट घालणारा माणूस आमच्या गावात एकच होता. हातात कापडी पिशवी होती आणि ते शेंदूर लावलेल्या दगडाकडे तोंड करून उभे होते.

"मास्तर."

ते वळले नाहीत. "कोण, तान्हाबाई?" म्हणाले.

माझ्या हातातली दुधाची कासंडी हिंदकळली. "मी मालन."

"हां. ती कशी येईल." मग सावकाश वळले. "सावली बघून थांबलो होतो."

मी पिशवीकडे पाहिलं. नारळाचा गोल आकार कापडातून दिसत होता. त्यांनीही माझ्या नजरेमागून पिशवीकडे पाहिलं.

"अशीच एका बाईने एकदा मला इथे बघितलं," मास्तर वर्गात शिकवायच्या शांत आवाजात म्हणाले. "तिचं काय झालं, तुला ठाऊक आहे. आता तू बघितलंस. तुझं काय करू, मालन?"

मी भ्याले. खोटं कशाला सांगू. त्या माणसाला आम्ही शाळेत कधी छडी उगारतानाही पाहिलं नव्हतं, पण त्या दुपारी मी दोन पावलं मागे सरकले.

"सुमंत कसा आहे?" मी विचारलं. दुसरं काही सुचलं नाही.

"रात्री त्याने मला ओळखलं नाही." ते कडुनिंबाच्या मुळावर बसले. "तो पाच वर्षांचा होता तेव्हाही असाच. अंगभर देवी, डोळे चिकटलेले. मी गुडघे टेकले, उपास केले, देवाने काही ऐकलं नाही. मग मी इथे आलो. तिसऱ्या दिवशी त्याने डोळे उघडून पाणी मागितलं."

कडुनिंबात कावळा होता, तो एकदा ओरडला आणि गप्प झाला.

"मावशी मरायला टेकली आहे, मास्तर. तिला भाकर पाहिजे."

"माहीत आहे मला. पण मी तोंड उघडलं तर माझा पोरगा जाईल. इथे मागितला, मिळाला. आता चारचौघांत उभं राहून ते पाप होतं म्हणू? म्हणजे तो जिवंत आहे हेच पाप म्हणायचं?"

मी कासंडी दुसऱ्या हातात घेतली. 

"मग भाकर खिशात का घालता?"

"खाल्ली तर शिक्षा त्याच्यावर येईल असं वाटतं. हात पुढे केला नाही तर लोक विचारतील." त्यांनी कोटाच्या खिशावर हात ठेवला. "घरी नेऊन डाळिंबाच्या मुळाशी पुरतो. त्या झाडाला फूल येतं, फळ धरत नाही."

मग ते उठले. "तू जा. दूध नासेल उन्हात."

मी निघाले. वळून पाहायचं धैर्य झालं नाही. नारळ तिथे ठेवला की नाही, ते मला कळलं नाही.

सभा ऊन कलल्यावर भरली. मी पेटीशी बसले. मेजावर पांढरं कापड घातलेलं, उद्याची ताटं पालथी मांडलेली. दोन-तीन जणांनी आपापल्या कुरबुरी सांगितल्या, हात मिळवले. मग शेलारसाहेबांनी तान्हाबाईचा विषय काढला. ती फार आजारी आहे, पण पस्तावा कबूल करत नाही, मंडळीने तिच्यासाठी प्रार्थना करावी, असं म्हणाले आणि त्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर उठले. बायकांनी सवयीने पदर सावरले.

 मला वाटलं, कंदिलाची काजळी येईल, कोरडी विहीर येईल, त्यांची नेहमीची वाक्यं येतील. त्यांनी वाकून बाकाखालून पिशवी काढली आणि त्यातला नारळ पांढऱ्या कापडावर, ताटांच्या शेजारी ठेवला. कोणीतरी श्वास ओढला.

"हा नारळ आज मी मरीआईला नेला होता," ते म्हणाले. "ठेवला नाही. परत आणला. देवीच्या साथीत नेला तो मात्र ठेवला होता. माझाच होता तो. तान्हाबाईचा नव्हता."

"पण मास्तर," शेलारसाहेब गोंधळून म्हणाले, "वस्तू तर बाईंच्या हातात सापडल्या ना?"

"तिने मला जाताना पाहिलं. ओटीला मी बायकोचं चोळीचं कापड ठेवलं होतं. नाताळात मिशनच्या पेटीतून आलेलं, निळ्या फुलांचं. ते फक्त आपल्या बायकांना वाटलेलं. गावात दुसऱ्या कोणाकडे असणार? कोणी पाहिलं असतं तर मंडळीतल्या माणसाचं काम आहे हे कळलं असतं, आणि माझ्या घरात आजारी पोर होतं हेही सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून ती ते उचलून नदीत टाकायला निघाली. वाटेत सापडली. पंचांपुढे ती माझ्याकडे बघत उभी राहिली. मी थोरला पंच होतो. मी म्हणालो, हिला बंद करा."

बायकांच्या बाजूला माझी आई उभी होती, ती मटकन खाली बसली. वाटेत तान्हाबाईला गाठणारी आणि ते निळ्या फुलांचं कापड ओळखणारी माझी आईच होती, आणि म्हणूनच ती मावशीकडे स्वतः कधी जात नसे, हे मला त्या क्षणी कळलं. तान्हाबाईने स्वतःच्या वाट्याचं कापड आधीच एका उघड्या बाळंतिणीला देऊन टाकलं होतं, म्हणून तिला आपलं दाखवता आलं नाही, हेही आईला नंतर कळलं होतं म्हणे.

"तुम्हाला पस्तावा झाला आहे, मास्तर," शेलारसाहेब हळूच म्हणाले. त्यांना वाट करून द्यायची होती.

"तेच तर सांगायला उभा आहे." मास्तरांनी नारळावर हात ठेवला. "तान्हाबाईचा झाला आहे. रोज होतो. नारळाचा होत नाही. पोरगं वाचलं ते मला गोड वाटलं, आजही वाटतं. पस्तावा झाला म्हणालो तर इथे उभा राहून मी दुसरं खोटं बोलेन. देवा, माझ्यापाशी एवढंच आहे."

ते बसले. त्या दिवशी कोणी रडलं नाही. अशी प्रार्थना ऐकून रडायचं कसं, ते कोणाला ठाऊक नव्हतं.

पंचांनी तिथल्या तिथे तान्हाबाईला उघडलं आणि मास्तरांना पुढच्या प्रभुभोजनापर्यंत बंद केलं. संध्याकाळी आईने कणकेला हात लावला नाही. "तूच मळ," म्हणाली, आणि पहिल्यांदाच स्वतः उठून मावशीच्या घराकडे गेली. तिथे काय बोलणं झालं, ते तिने मला मरेपर्यंत सांगितलं नाही.

रविवारी उपासना झाल्यावर साहेब ताट आणि प्याला घेऊन मावशीकडे आले. मी आणि आई आत होतो. मास्तर अंगणात उभे राहिले.

मावशीने तुकडा हातात घेतला. पुष्कळ वेळ नुसता पाहिला. मग त्याचे दोन केले. "मास्तर, आत या," ती म्हणाली. "दाराशी बसून माझे गुडघे गेले, तुमचे कशाला घालवता?"

"त्यांना बंद आहे, बाई," साहेब म्हणाले.

"पंचांनी बंद केलं. हा माझ्या वाट्यातला हाय."

साहेब एका बाजूला सरकले. मास्तर उंबऱ्यात आले. "सुमंत घरी तापात आहे, तान्हाबाई," त्यांनी कसंबसं म्हटलं. कडुनिंबाखालचं बोलणं मी मावशीला सांगितलं होतं, त्यामुळे खोलीत फक्त मला आणि त्या दोघांना त्याचा अर्थ कळला.

"ठाऊक हाय. त्याचं नाव घेऊनच घ्या. लपवून नका घेऊ."

मास्तरांनी हात पुढे केला. तुकडा घेतला आणि खाल्ला. गिळताना त्यांच्या गळ्याची गाठ वर जाऊन खाली आली, ती मी पाहिली. नंतर ते पळाल्यासारखे घराकडे गेले.

मंगळवारी सुमंत गेला.

गावातले लोक म्हणाले, मरीआईच्या दारातून नारळ परत नेला, तिने दिलेलं परत घेतलं. मंडळीतले लोक म्हणाले, बंद असताना भाकर खाल्ली, दुसरं काय होणार. आमच्या गावात दोन्हीकडची माणसं एका मताची झालेली मी तेवढ्या एकाच वेळी पाहिली. त्यात मावशीचं पोट उतरू लागलं. काठी टेकत ती अंगणात येऊ लागली, तेव्हा लोक तिच्याकडेही वेगळ्याच नजरेने पाहू लागले. एक गेला, एक उठली. शेलारसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मला स्वतःला झोप येत नसे. मास्तरांना तो निरोप मीच पोचवला होता.

मास्तर शाळेत यायचे, हजेरी घ्यायचे, कोणाशी बोलायचे नाहीत. काळा कोट त्यांनी पुन्हा घातला नाही. मावशी मात्र रोज संध्याकाळी काठी टेकत त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायची.  एकदा मी कालवण घेऊन गेले तेव्हा ती म्हणत होती, "शिव्या द्यायच्या तर मोठ्यानं द्या, मास्तर. मनात दिल्या की कुजतात. मला माहीत हाय."

जुलैच्या तयारीच्या सभेला चर्च भरलं होतं. लोक मास्तरांना ऐकायला आले होते. मास्तर दाराजवळच्या तरटावर, मावशीच्या जागी बसले होते. मावशी पुढे, बायकांच्या पहिल्या रांगेत. साहेबांनी विचारलं, "मास्तर, काही सांगायचं आहे?"

ते उभे राहिले. खूप वाळले होते. डोळे मिटले नाहीत.

"प्रभू," ते म्हणाले, "सगळे मला सांगतात, तुझी इच्छा. ती मला आवडली नाही. मी तुझ्यावर रागावलेलो आहे. तरी आलो आहे."

आणि बसले. प्रार्थना संपली की सगळी मंडळी एका आवाजात आमेन म्हणते. त्या दिवशी चर्चमध्ये पावसाचा आवाज तेवढा होता.  अशा प्रार्थनेला आमेन म्हणावं की म्हणू नये, हे आम्हाला कोणी शिकवलंच नव्हतं.

"आमेन," मावशी म्हणाली. काठीवर दोन्ही हात ठेवून, पुढे बघत, सावकाश.

मग माझ्या आईने म्हटलं. मग बाकीच्यांनी.

दुसऱ्या दिवशी मी पेटीवर होते. माना सगळ्यांच्या खाली, माझी वर. ताट फिरत फिरत दाराशी गेलं. मास्तरांनी तुकडा उचलला, ओठांपर्यंत नेला आणि तोंडात घातला. ते चावू लागले. लहानसा तुकडा, पण ते चावतच राहिले, चावतच राहिले. गीत संपत आलं तरी त्यांचं तोंड हलत होतं. म्हणून मी शेवटचं कडवं पुन्हा धरलं.